दगडाला बोलू द्यावे



या व्याख्यानमालेत आजवर साहित्यिक बोलले, प्राध्यापक बोलले, संशोधक बोलले. यंदा मंडळाने होमिओपॅथीच्या एका डॉक्टरला बोलावले आहे. निमंत्रण मिळाले तेव्हा मी चिटणीसांना विचारले, "अहो, मी कशावर बोलणार?" ते म्हणाले, "रविवारी दवाखाना बंद ठेवून तुम्ही जुन्या देवळा-बस्त्यांतून हिंडता ना, त्यावरच बोला." म्हणून हा विषय. मी इतिहासकार नाही, पुरातत्त्वज्ञही नाही. हळेगन्नड मला तुटक तुटक समजते, संस्कृत शाळेपुरते येते. रोगी तपासणे हा माझा व्यवसाय. तेव्हा जे सांगेन ते रोगी तपासणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले असेल, एवढे आधीच सांगून ठेवतो.

सांगायचे आहे ते थोडक्यात असे. ऐतिहासिक स्थळी जाताना आपण बहुधा निकाल खिशात घालून जातो. 'हे आपले', 'हे त्यांचे', 'हे आपल्या धर्माचे', 'हे दुसऱ्यांनी मोडलेले' असे आधीच ठरलेले असते. तिथे जाऊन आपण फक्त फोटो काढतो. आपल्या सीमाभागात तर ही सवय अधिकच. आणि नेमक्या आपल्याच भागातले दगड असे आहेत, की ते एका भाषेत बोलत नाहीत, एका धर्माचे राहत नाहीत आणि १९५६ साली आखलेली रेषा त्यांना ठाऊक नाही. त्यांचे ऐकून घ्यायचे तर थोडी शिस्त लागते.

ही शिस्त मला माझ्या शास्त्राने शिकवली. हानेमान यांचा 'ऑर्गेनॉन' हा आमचा मूळ ग्रंथ, पहिली आवृत्ती १८१० सालची. त्यात रोग्याची हकीकत कशी घ्यावी याचे सविस्तर नियम आहेत. वैद्याने पूर्वग्रह बाजूला ठेवावा. रोगी बोलत असताना मध्ये तोंड घालू नये. त्याचे शब्द त्याच्याच भाषेत लिहून घ्यावेत. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नये. रोगी थांबला की घरच्यांना विचारावे. सगळे कागदावर उतरल्यानंतर मगच विचार करावा. आमच्या औषधांविषयी कोणाचे मत काहीही असो, हकीकत घेण्याची ही रीत कोणत्याही शास्त्राने उचलावी अशी आहे. "डॉक्टर, मला ॲसिडिटी आहे" असे म्हणत रोगी आत येतो. ते त्याने आधीच दिलेले नाव असते. अर्धा तास त्याला बोलू दिले, की कळते, दुखणे निराळेच आहे.

जुन्या वास्तूपुढे उभे राहताना मी हेच करायचा प्रयत्न करतो. तिला नाव देण्याची घाई करत नाही. आपल्या भागातली चार स्थळे या रीतीने पाहिली तर काय हाती लागते, ते आता सांगतो.

पहिले अगदी दारातले. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. निदान पाहुणे आले की त्यांना दाखवली आहे. सभामंडपाच्या छतातून खाली उमललेले ते काळ्या दगडातले कमळ, त्याच्या पाकळ्यांवर कोरलेले बहात्तर तीर्थंकर: मागच्या काळातले चोवीस, आताचे चोवीस आणि पुढे होणारे चोवीस. आत भगवान नेमिनाथ. पाहुणे मान वर करून 'वा!' म्हणतात आणि गाडीत बसतात.

आता हकीकत विचारू. ही बस्ती कोणी बांधली? रट्ट घराण्यातला चौथा कार्तवीर्य हा राजा, त्याचा धाकटा भाऊ मल्लिकार्जुन युवराज, आणि त्यांचा मंत्री बीचिराज. या बीचिराजाने ती बांधली. तेव्हा तिचे नाव होते रट्ट-जिनालय. रट्टांची राजधानी आधी सौंदत्तीला होती, पुढे ती वेणुग्रामला आली. वेणुग्राम म्हणजे आपले बेळगाव. बस्तीला दिलेल्या दानाचे लेख इ. स. १२०४ चे आहेत. दान शुभचंद्र भट्टारकांच्या स्वाधीन केले होते. जिनपूजा चालावी, वास्तूची डागडुजी व्हावी, मुनींना आहार मिळावा, असे त्याचे हेतू. मंत्र्याने देऊळ बांधले, राजाने जमीन दिली आणि व्यापाऱ्यांनी आपल्या मालावरचा वाटा दिला, तेव्हा कुठे एक बस्ती उभी राहून चालू लागली. कमळाकडे पाहताना या व्यापाऱ्यांची आठवण कोणाला होत नाही. ती त्या लेखामुळे होते.

पण हे लेख आज बस्तीत नाहीत. ते लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. भाषा जुनी कन्नड, म्हणजे हळेगन्नड. ते वाचून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केले ते बार्नेट या इंग्रज पंडितांनी. श्रोतेहो, ही परिस्थिती जरा डोळ्यांपुढे आणा. देऊळ बेळगावात. त्याचा जन्मदाखला लंडनमध्ये. त्याची भाषा कन्नड. तो वाचून दाखवला इंग्रजाने. आणि आपण मराठी माणसे त्या कमळाला 'आमच्या गावचे भूषण' म्हणतो. भूषण आहेच. पण ते आपले म्हणायचे, तर त्याची भाषा परकी म्हणून कशी चालेल?

त्याच किल्ल्यात सोळाव्या शतकात असदखानाच्या काळी उभारलेली सफा मशीद आहे. तिच्या काही खांबांवर जुनी अक्षरे आहेत. ते खांब आधी दुसऱ्या वास्तूंचे होते. हे ऐकून काहींना राग येतो, काहींना विषय बदलावासा वाटतो. रोग्याच्या अंगावर जुनी जखम दिसली तर डॉक्टर ती लपवत नाही आणि तिच्यावर ओरडतही नाही. केव्हाची, कशाने झाली, भरली कशी, हे लिहून घेतो. त्या खांबांचेही तसेच करावे. शिवाय ते तिथे उभे राहिले म्हणूनच त्यांच्यावरची अक्षरे आज आपल्याला दिसतात, हीसुद्धा नोंद हकिकतीत असली पाहिजे.

दुसरे स्थळ हलशी. खानापूर तालुक्यात, नंदगडच्या पुढे. एका सकाळचा प्रवास. बहुतेक जण भूवराह-नरसिंहाच्या दर्शनाला जातात. गोव्याच्या कदंबांच्या राज्यात हलशी हे मोठे ठाणे होते आणि हे मंदिर बाराव्या शतकातले, त्यांच्याच काळातले. एकाच देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत. गोव्याहून आलेल्या मंडळींना मी नेहमी म्हणतो, घाट चढून आलात तरी अजून तुम्ही आपल्याच राजांच्या मुलखात आहात.

पण हलशीची हकीकत याहून सहा-सातशे वर्षे मागे जाते. तिचे जुने नाव पलाशिका. बनवासीच्या प्राचीन कदंबांचे ताम्रपट इथे सापडले, आणि एकोणिसाव्या शतकात फ्लीट या अधिकाऱ्याने ते वाचून प्रसिद्ध केले. भाषा संस्कृत, लिपी दक्षिणी. मृगेशवर्मा या राजाने आपल्या वडिलांच्या पुण्यस्मरणार्थ पलाशिकेत जिनालय बांधले आणि तीन संघांना जमीन दिली: यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक. यांपैकी यापनीय आणि कूर्चक आज कुठेही नाहीत. जैनांतच दिगंबर आणि श्वेतांबर यांच्या मधला म्हणावा असा यापनीय संघ होता. तो या आपल्या प्रदेशात शतकानुशतके नांदला आणि मावळला. मी जैन घरात जन्मलो, पण यापनीय हा शब्द घरात कधी ऐकला नव्हता. तो हलशीने ऐकवला. आपण ज्याला 'आमची परंपरा' म्हणतो तिच्या कितीतरी शाखा वाळून गेल्या आहेत, हे कळले की परंपरेविषयी बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

याच घराण्यातल्या रविवर्म्याच्या ताम्रपटात आणखी एक गोष्ट आहे. एका गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव व्हावा आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तपस्व्यांना आहार मिळावा, असे त्यात लिहिले आहे. या सभेत जैन मंडळी बसली आहेत. त्यांच्या लगेच लक्षात आले असेल. कार्तिक शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतचे अष्टान्हिक पर्व आणि मुनींचा चातुर्मास. आमच्या बस्तीत आजही या पर्वाचा फलक लागतो, आहाराच्या पाळ्या ठरतात, कोणाच्या घरी कधी यावरून थोडी कुरबूरही होते. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा राजा तेच तांब्यावर लिहवून ठेवतो. वारसा हा शब्द आपण फार सैल वापरतो. मला विचाराल तर वारसा म्हणजे हे: राजवट गेली, संघ गेला, भाषा बदलली, लिपी बदलली, आणि आठ दिवसांचा उत्सव राहिला. पण ही साखळी दिसते कोणाला? ताम्रपटात काय आहे हे ठाऊक असणाऱ्याला. नुसते पर्व पाळणाऱ्याला नाही, आणि नुसता ताम्रपट वाचणाऱ्यालाही नाही.

तिसरे स्थळ सीमेच्या पलीकडचे. शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी, खिद्रापूर. तिथले कोपेश्वराचे मंदिर शिलाहारांच्या काळातले. हत्तींच्या रांगेवर तोललेले मंदिर, आणि पुढे तो स्वर्गमंडप, मधोमध वर्तुळाकार उघडे छत असलेला. त्या छताखाली उभे राहून वर आकाश पाहण्यासाठी लोक कुठून कुठून येतात. त्याच गावात, फार लांब नव्हे, तशाच घडणीची एक जैन बस्तीही आहे. तिकडे मात्र क्वचितच कोणी वळतो.

या मंदिरात बरेच शिलालेख आहेत. देवगिरीच्या यादव सिंघणाचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक लेख संस्कृतात, देवनागरी अक्षरांत आहे. बाकीचे बहुतेक कन्नडात आहेत. मंदिर आज महाराष्ट्रात आहे, पलीकडच्या तीरावर कर्नाटक. आणि या देवळाबद्दल लोक एक कथा सांगतात. कोपेश्वरापुढे नंदी नाही. सती दक्षाच्या यज्ञाला गेली तेव्हा शंकराने तिच्याबरोबर नंदी पाठवला, तो तिकडेच राहिला. तो नंदी आहे यडूरला. यडूर चिकोडी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. तेव्हा देव महाराष्ट्रात आणि त्याचा नंदी कर्नाटकात अशी स्थिती आहे, आणि भाविक दोन्हीकडे नारळ फोडतात. त्यांना कोणत्याही आयोगाचा अहवाल वाचावा लागलेला नाही.

चौथे स्थळ दूरचे. हासन जिल्ह्यातले श्रवणबेळगोळ. इथे महामस्तकाभिषेकाला जाऊन आलेली पुष्कळ मंडळी असतील. मागचा २०१८ साली झाला. सहाशेच्या वर पायऱ्या चढून विंध्यगिरीवर पोचायचे आणि बाहुबलींची ती सुमारे ५८ फुटांची एकाच दगडातली मूर्ती पाहायची. गंग राजाचा मंत्री चामुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस ती घडवून घेतली. समोरच्या चंद्रगिरीसह या परिसरात पाचशेहून अधिक शिलालेख आहेत. एवढे शिलालेख एका ठिकाणी असणे दुर्मिळ.

मूर्तीच्या चेहऱ्याकडे सगळे पाहतात, आणि पाहावेच. पण मराठी माणसाने मग नजर खाली आणावी. पायांशी छोटे छोटे लेख आहेत. 'चामुंडराजाने करविले' ही एकच गोष्ट तिथे कन्नडात, तमिळात आणि मराठीत लिहिलेली आहे. मराठी शब्द असे: 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. आणि दुसरी मराठी ओळ: 'श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें'. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती. त्याने बाराव्या शतकाच्या आरंभी मूर्तीभोवतीचे आवार बांधवले. पहिली ओळ पूर्वी दहाव्या शतकातली मानत आणि तिला मराठीतला आद्य शिलालेख म्हणत. दोन्ही ओळी गंगराजाच्याच वेळच्या असाव्यात असे पुढे अभ्यासकांनी मांडले, आणि अलिबागजवळच्या अक्षी गावचा शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा लेख पुढे आला. शं. गो. तुळपुळे यांनी या सगळ्या प्राचीन मराठी कोरीव लेखांचा मोठा अभ्यास केला आहे. पहिला नंबर कोणाचा, हा वाद विद्वानांवर सोपवू. तुमचे लक्ष मला दुसरीकडे वेधायचे आहे.

दुसऱ्या ओळीतला 'सुत्ताले' हा शब्द पाहा. तो मराठी नाही. कन्नडात 'सुत्तु' म्हणजे सभोवार. 'सुत्तालय' म्हणजे सभोवारची वास्तू. ती पायऱ्यांची वाट चढून आलेला कोणी मराठी यात्रेकरू ती ओळ वाचत असेल, तेव्हा तो कन्नड शब्द त्याला अडत नसणार. नाहीतर कोरणाऱ्याने तो घातला नसता. म्हणजे मराठीच्या अगदी जुन्या कोरीव ओळींपैकी ही एक, आणि तिच्या पोटात कन्नड शब्द. आपण घरात अक्का म्हणतो, अण्णा म्हणतो. ते कुठून आले हे कोणी विचारत नाही. तितक्याच सहज तो शब्द त्या ओळीत बसला आहे.

आणखी एक. तिन्ही भाषांत क्रियापद प्रयोजक आहे. मराठीत 'करवियलें', कन्नडात 'माडिसिदं', तमिळातही 'करविले' याच अर्थाचे. मी केले, असे राजाचा मंत्रीही म्हणत नाही. करवून घेतले, असे म्हणतो. एवढा प्रामाणिकपणा आजच्या उद्घाटनाच्या कोनशिलांवर क्वचित दिसतो.

आता चारही स्थळे एकत्र ठेवू. बेळगावच्या आपल्या बस्तीचा दाखला कन्नडात. महाराष्ट्रातल्या कोपेश्वराच्या भिंतींवर कन्नड. हलशीच्या ताम्रपटांत संस्कृत. आणि खोल कर्नाटकात, बाहुबलींच्या पायांशी, मराठी.

इथे कोणीतरी मनात म्हणत असेल, की डॉक्टर, तुम्ही आमचा दावा पातळ करता आहात. हा प्रश्न टाळून मला या गावात बोलता येणार नाही. १९४६ साली याच बेळगावात साहित्य संमेलन भरले आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या ठरावामागची माणसे आपल्या घरांतली होती. त्यांपैकी कित्येकांनी तुरुंग पाहिले. सीमेचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या मागणीविषयी मला आदर आहे. पण ती मागणी कशावर उभी आहे, ते नीट पाहू. ती आज जिवंत असलेल्या माणसांच्या भाषेवर उभी आहे. मुलाला आईच्या भाषेत शाळा मिळावी, म्हाताऱ्याला सातबाऱ्याचा उतारा वाचता यावा, हा तिचा पाया. हा पाया भक्कम आहे आणि त्याला बाराव्या शतकाच्या आधाराची गरज नाही. उलट, दगडांना साक्षीला बोलावले तर ते दोन्हीकडून साक्ष देतील. कोल्हापूर, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत जुने कन्नड लेख विपुल आहेत. ज्या साक्षीदाराला आपण फक्त अर्धेच बोलू देणार, त्याला पिंजऱ्यात उभे करू नये. दगड हे वकिलाचे पुरावे नव्हेत. आपले पूर्वज शेजाऱ्याबरोबर कसे राहिले, याची ती हकीकत आहे.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. माझ्या दवाखान्यात तरुण आया मुलांना घेऊन येतात. पुडीवर मी मराठीत लिहितो, 'सकाळ-संध्याकाळ चार गोळ्या'. त्या म्हणतात, "डॉक्टर, इंग्लिशमध्ये लिहून द्या ना." त्या घरी मराठी बोलतात, काही घरांत कन्नड. पण वाचायला दोन्ही जड जाते. आम्ही मराठी की कन्नड यावर पन्नास वर्षे भांडलो, आणि नातवंडे दोन्ही लिपींपासून दूर गेली. उद्या कमल बस्तीतला लेख लंडनहून परत आला तरी त्याच्यापुढे उभे राहून वाचणार कोण? बेळगावात जन्मलेल्या मराठी मुलाला नागरी आणि कन्नड दोन्ही लिपी येणे ही आपली शरणागती होत नाही. ती आपल्या घराच्या दोन्ही दारांची किल्ली आहे.

हे भाषण छापून इतर ठिकाणच्या मंडळींकडेही जाते, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना शिंद्यांचा वारसा पाठ असतो. त्याच किल्ल्याच्या कड्यात तोमर राजांच्या काळी, पंधराव्या शतकात कोरलेल्या उंचच उंच जिनमूर्ती आहेत, आणि चतुर्भुज मंदिरातल्या नवव्या शतकातल्या लेखात शून्य हा अंक कोरलेला आहे. शिंदे यायच्या आधीचे ग्वाल्हेरही तुमचेच, कारण पिढ्यान्‌पिढ्या तुम्ही तिथे राहता. आणि तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरलेला आहे, तमिळ देशात, चोळांच्या देवळात. मराठी माणूस जिथे गेला तिथे दुसऱ्याच्या भिंतीवर त्याला जागा मिळाली. आपल्या भिंतीवर दुसऱ्याची अक्षरे असली तर त्यात विशेष ते काय?

आता थोडे व्यवहाराचे. स्थळ पाहायला जायचे तर कसे जावे?

जाण्यापूर्वी त्या स्थळाविषयी एक-दोन पाने वाचावीत, पण मत बनवू नये. बरोबर दुसरी लिपी जाणणारा मित्र घ्यावा. माझ्याबरोबर बहुधा एक निवृत्त कन्नड शिक्षक असतात. ते कन्नड लेख लावतात, मी नागरी लावतो, आणि डब्यातल्या दशम्या दोघांच्या.

शिलालेखाची रचना ठाऊक असली तर न वाचताही पुष्कळ कळते. वर सूर्य-चंद्र असतात. ते आहेत तोवर हे दान चालावे, असा अर्थ. मध्ये जिनमूर्ती असेल तर लेख जैन, शिवलिंग असेल तर शैव. गाय-वासरू पुष्कळदा असते. मग स्तुती, राजाची बिरुदे, तिथी, दान काय दिले, कोणाला दिले, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. गधेगाळ म्हणतात ते या शापाचेच चित्र. वीरगळ लढाईत पडलेल्याची, आणि निषिधी हा सल्लेखनेने देह ठेवलेल्या जैन साधकाचा स्मृतिदगड. आपल्या तालुक्यातल्या शेतांच्या बांधांवर हे दगड आजही आढळतात. काहींवर शेंदूर आहे, काहींवर ऑइल पेंट, काहींवर धुणे आपटले जाते.

अक्षरे पुसट असतील तर हळद, खडू, चुना, तेल काहीही लावू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, नाहीतर बॅटरीचा उजेड बाजूने, अगदी आडवा टाका. अक्षर सावलीने उठून दिसते. तज्ज्ञ लोक ओला कागद दगडावर ठोकून बसवतात आणि त्यावर शाई फिरवून ठसा घेतात. ते काम त्यांचेच. मैसूरला पुरातत्त्व खात्याची शिलालेख शाखा आहे. आपण फोटो काढावा, मापे घ्यावीत, दगड कोणाच्या शेतात, कोणत्या दिशेला आहे ते लिहावे.

मग गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे. शेताचे नाव काय, ओढ्याचे नाव काय, जत्रा केव्हा, मानकरी कोण, हे विचारावे. मध्ये बोलू नये. 'बस्तीमळा' असे शेताचे नाव निघाले आणि तिथे आज एकही जैन घर नसले, तर तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते. आणि एकदा पाहून आलो म्हणजे झाले, असे समजू नये. एका भेटीत रोगी सगळे सांगत नाही, दगडही सांगत नाही. दुसऱ्या भेटीला जावे, तिसऱ्या भेटीला नातवाला न्यावे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. वर्षातून एक सहल काढू. आधी जवळची: किल्ला, हलशी, खिद्रापूर. तिला गावातल्या कन्नड साहित्यप्रेमी मंडळींना आग्रहाने बोलवू. आठवी-नववीची दहा मुले नेऊ, निम्मी मराठी शाळांतली, निम्मी कन्नड शाळांतली, आणि जोड्या लावून त्यांना एकमेकांची लिपी वाचायला लावू. आणि दरवर्षी आपल्या तालुक्यातल्या दहा दगडांची नोंद एका वहीत करू: गाव, जागा, फोटो, स्थिती. वही दोन भाषांत ठेवू. पाच वर्षांत पन्नास दगड होतील. त्यांतले काही रस्तारुंदीत आणि घरांच्या पायात जाण्यापूर्वी निदान त्यांची हकीकत तरी घेतलेली असेल. पहिल्या वहीचा आणि पहिल्या सहलीच्या बसचा खर्च मी देतो. नोंदणी आजच, बाहेरच्या टेबलावर. चिटणीसांना मी ते आधी सांगितलेले नाही, ते मला समजून घेतील.